कोल्हापूर मुक्कामाची फ्लाइट

मंडळी, आज राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

मी केबिन क्रू. दर महिन्याला कोल्हापूर मुक्कामाची फ्लाइट मागून घ्यायची. तिथं माझं घर. माझे वडील, अप्पा, खर्डा-भाकरीचा डबा घेऊन विमानतळाच्या गेटवर उभे असायचे.

आमची विमान कंपनी दुसरीत विलीन झाली. फ्लाइट ज्येष्ठतेनुसार मिळते; करारात आमची ज्येष्ठता कापली, मी यादीत तळाला गेले. युनियनमध्ये आमच्यासाठी भांडायला आम्ही स्नेहाला निवडून दिलं होतं. माझी जिवाची मैत्रीण. तिनंच त्या करारावर सही केली. तिची ज्येष्ठता राहिली आणि माझी कोल्हापूरची फ्लाइट तिला मिळाली.

आज ती तिकडं, मी दिल्लीत. घरी फोन केला, तर अप्पा नुकतेच विमानतळावरून आलेले.

"अप्पा, गेटवर गेलावता? मी येणार न्हाय म्हटलं होतं की!"

"व्हय गं. पण तुझ्या जागी तुझी मैत्रीण येणार म्हणालीवतीस न्हवं? हॉटेलात काय खाणार पोरगी? डबा दिला तिला."

"काय म्हणाली?"

"रडाय लागली. दमली आसंल."

सहीचं त्यांना सांगवलं नाही.

आत्ता स्नेहाचा मेसेज आलाय. "डबा धुऊन ठेवलाय. रिकामा परत देऊ नये म्हणतात. त्यात काय घालू?"

काय सांगू तिला?