पेणला जून, रोह्याला गणपती

एका ऑफिसात काही वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. आमचे तर इतके साठलेत की लग्नाच्या पंगतीत मला मुद्दाम बोलायला बसवतात. मी सांगतो, लोक हसतात. मला मात्र हल्ली त्यांच्या हसण्याचा राग येतो.

धंदा साधा. धरमतरला बार्जमधून उतरलेला माल ट्रकने रोह्याच्या कारखान्यांना पोचवायचा. हेड ऑफिस पेणला, तिथे शेठ, मी आणि कॉम्प्युटरवाला देवीदास. ब्रँच रोह्याला, तिथे मॅनेजर साळवी आणि क्लार्क मोझेसकाका. रोह्याच्या ऑफिसची फोनलाइन बारा महिने डेड. म्हणून दर शनिवारी नोंदींची एक फ्लॉपी ड्रायव्हरच्या खिशात घालून पाठवायची, ती तिकडच्या नोंदी घेऊन परत यायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि आम्ही स्वतःला फार मॉडर्न समजत होतो.

*

शेठनी मुंबईहून डिजिटल डायरी आणली. साळवींनीही घेतली, पण दुसऱ्या कंपनीची. दोन्ही यंत्रं एकमेकांशी बोलायला तयार नाहीत. शेठच्या डायरीत मीटिंग रोह्याला, साळवींच्या डायरीत तीच मीटिंग पेणला.

वाटेत गडब गावाजवळ दोघांच्या गाड्या समोरासमोर आल्या. दोघांनी हात केला आणि पुढे गेले.

संध्याकाळी शेठ मला म्हणाले, "साळवीला काही शिस्तच नाही."

*

शेठनी आईचं श्राद्ध डायरीत टाकलं आणि 'दरवर्षी' हे बटण दाबलं. पुढच्या वर्षी डायरी वाजली, शेठनी भटजींना बोलावणं धाडलं. भटजी म्हणाले, "शेठ, तिथी होऊन दहा-अकरा दिवस झाले."

"पण यात तर आज दाखवतंय," शेठ म्हणाले. डायरी भटजींच्या नाकासमोर धरली होती. एवढ्या महागाची वस्तू चुकेल कशी, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

*

पेणजवळच्या जोहे गावच्या देवीदासचं डोकं चालायचं. त्याने एका मासिकात वाचलं की नावं, नंबर, तारखा लिहायची एक मोकळी पद्धत निघालीय. कुठल्याही कंपनीचं यंत्र ती वाचू शकतं, आणि आपणही फाइल उघडून बघू शकतो, काय होतं नि काय बदललं. पैसे पडत नाहीत.

"फुकट?" शेठ म्हणाले. "मग त्यात काहीतरी खोट असणार."

आणि पनवेलच्या एका सेल्समनकडून बंद डब्यातलं पॅकेज घेतलं. तेही एकच, रोह्यासाठी. पेणला त्याचं महिनाभराचं फुकट ट्रायल घातलं. महिना भरत आला की शेठ सांगायचे, "देवीदास, तारीख मागे घे, ट्रायल संपायला नको." तो घ्यायचा. न घेऊन करतो काय? बाहेर गणपती आले तरी आमच्या कॉम्प्युटरात जूनच चालू होता.

त्याच हुरुपात शेठनी टेलिफोनची वही फाडून टाकली. आता कागद बंद.

*

आता मोझेसकाकांचं सांगतो. काका बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. बायको गेलेली, भावकी इस्रायलला गेलेली, आणि शेवटी एकुलती पोर रूथही तिकडेच. ती भाड्याच्या घरांतून फिरायची. घर बदललं की पेणला फोन करून नवा नंबर द्यायची, तो फ्लॉपीतून रोह्याला जायचा, आणि काका बाजारातल्या फोनबूथवर जाऊन तिला फोन लावायचे. बाप-लेकीचं सगळं नातं त्या फ्लॉपीवर चाललं होतं.

त्या पावसाळ्यात रूथने घर बदललं आणि बरेच दिवस कळवलंच नाही. शनिवारी ड्रायव्हर आला की निरोप ठरलेला. "काका विचारीत होते, पोरीचा नंबर आला काय? जुन्या नंबरावं कोन भलतीच बाई उचलते."

गणपतीत एका शुक्रवारी रूथचा फोन आला. देवीदासने नंबर थेट कॉम्प्युटरात टाकला. शनिवारी फ्लॉपी गेली, आणि ड्रायव्हरच्या तोंडी निरोपही गेला, की काका, आला हो नंबर.

काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बूथवर गेले. फोन त्याच बाईने उचलला.

पॅकेजचा नियम होता, नव्या तारखेची नोंद ती खरी, जुनी पुसायची. रोह्यातला जुना नंबर जुलैत टाकलेला होता. आमचा नवा नंबर कॉम्प्युटरच्या लेखी जूनचा. तो पुसला गेला, आणि परत आलेल्या फ्लॉपीने पेणलाही पुसला. विचारलं नाही की सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी काकांचा निरोप आला तेव्हा देवीदासला हे उमगलं. त्याने शेठना सगळं समजावलं.

शेठनी दोन्ही नंबर ताडून पाहिले. "दोन्हीकडे सेम आहे ना?" म्हणाले, "मग पॅकेज चांगलं आहे."

*

पगार घेऊन मी रोह्याला गेलो तेव्हा काका भेटले. म्हणाले, "माझं काय चुकलं असंल रे? कॉम्प्युटरात नंबर तर तोच हाय. मी त्या बाईला सांगतो, माझ्या पोरीला बोलव. ती ठेवून देते."

मी त्यांच्या पगाराचं पाकीट पुढे केलं.

दिवाळीच्या आधी काका झोपेतच गेले. रूथला कळवायला आम्ही पेणहून तो नंबर लावला, त्याच बाईने उचलला. रोह्यात त्यांच्या समाजाची प्रार्थनेला लागतात ती दहा माणसंही उरली नव्हती. अलिबागकडून बोलवावी लागली. माती द्यायला साळवी होते, मी होतो, देवीदास होता. शेठच्या डायरीत त्या दिवशी दुसरं काम होतं.

*

थंडी पडू लागली तेव्हा ऑफिसचा फोन वाजला. देवीदासने उचलला. आवाज इतका मोठा आणि आनंदी होता की मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला.

"देवीदासभाऊ, रूथ बोलतेय. आम्ही स्वतःचं घर घेतलं! हा नंबर आता कधीच बदलायचा नाय. लिहून घे, आणि बाबांना सांग, माझ्यावर रागावले असतील तरी एकदा फोन करा म्हणावं."