डिवचण्याची दुपार

शाळेच्या गणवेशाचं माप द्यायला मुलं माझ्या दुकानात येतात, तेव्हा सिनेमातल्या सुपरहिरोंवरून त्यांची भांडणं चालू असतात. माप घेता घेता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काही सुपरहिरोंचं लढाईतलं नाव मुलांना आठवतच नाही. पोस्टरवर ते कितीही मोठ्या अक्षरांत असो, मुलं त्यांना घरच्या, साध्या नावानंच ओळखतात.

माझा दीर तसलाच होता.

तो ठाण्याला वाढदिवसांना आणि दुकानांच्या उद्घाटनांना सुपरहिरो बनून उभा राहायचा. अंगाला चिकटणारा लाल पोशाख आणि डोळ्यांपुरती भोकं असलेला टोप. तिथल्या मालकानं त्याला ‘ज्वालाबाण’ असं नाव दिलं होतं आणि ते कार्डावर छापलं होतं. आमच्या गावी, खोडाळ्याला आला की तो बाजारात सगळ्यांना कार्ड वाटायचा. लोक त्या कार्डानं दात कोरायचे आणि त्याला शाळेतल्या नावानंच हाक मारायचे.

पोशाख फाटला की माझ्याकडे यायचा.

“वहिनी, काखेत परत उसवलं.”

“हात कशाला वर करतोस सारखा?”

“पोरं हाक मारतात ना. कुणी हाक मारली की वळायचं, हात हलवायचा. तेच तर काम आहे.”

“बरं काम आहे,” मी म्हटलं. “कुत्र्यालाही जमेल.”

तो हसला. माझ्या बोलण्याला तो नेहमी हसायचा.

आमच्या घराकडे बोहाड्यातल्या वीराचं सोंग होतं. बोहाडा म्हणजे उन्हाळ्यातला मुखवट्यांचा उत्सव. कोणता मुखवटा कोणत्या घरानं नाचवायचा हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं. वीर आधी सासरे नाचवायचे, नंतर माझा नवरा. नवऱ्याचा गुडघा सुजायला लागला तेव्हा दिरानं विचारलं, “दादा, अवंदा मी घालू?”

नवरा लगेच हो म्हणाला. मला कुणी विचारलं नाही.

वीर नाचवणाऱ्याच्या बायकोनं देवीची पहिली ओटी भरायची असते. ज्या बाया वर्षभर ब्लाउजच्या गळ्यावरून माझ्याशी हुज्जत घालतात, त्या त्या दिवशी माझ्यामागं रांगेत गपगुमान उभ्या राहतात. मला ते आवडायचं. दिराची बायको त्याला सोडून गेली होती, म्हणजे ओटीचा मान आमच्या घरातून जाऊन दुसऱ्या कुणाकडे गेला असता. मला तो सोडायचा नव्हता. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

आमच्या गावची एक रीत आहे. नवा माणूस सोंग घेणार असेल तर बोहाड्याच्या आदल्या दुपारी त्याला देवळापुढं उभं करतात. सकाळपासून त्यानं काही खायचं नसतं. मुखवटा चढवला की गाव त्याला डिवचतं. नाव घेऊन, आईबाप काढून, वाटेल ते बोलतात. मुखवट्याआड माणूस उरलेला नाही हे त्यानं दाखवायचं. हाकेला मान फिरली तर मुखवटा उतरवायचा, आणि मग जन्मात तो त्यानं घालायचा नाही.

दीर उन्हात उभा राहिला. मुखवटा जड असतो, त्यानं खांदे खाली आले होते.

पहिल्यांदा शाळेतल्या नावानं हाका झाल्या. तो हलला नाही.

“अरे, बायको कुठं तुझी? वीटभट्टीवरच्या मुकादमाकडं राहिली का?”

“तिला तर आण आधी. मग नाच.”

“बाप मेला तेव्हा कुठं होतास रं? केक कापीत होतास?”

लोक पोट धरून हसत होते. तो खांबासारखा उभा. शेजारचा म्हातारा पुढं झाला आणि म्हणाला, “त्याचं ते ठाण्यातलं नाव घ्या. त्या नावाला तो वळेल.” सगळे एकमेकांकडं बघायला लागले. ते नाव कुणालाच आठवेना. मला आठवत होतं. मी बोलले नाही, कारण त्या नावानं तो वळणार नाही हे मला ठाऊक होतं.

ऊन उतरायला लागलं. पुजाऱ्यानं नारळ हातात घेतला. नारळ फुटला की सोंग दिराचं.

सासूबाई त्याला घरात एका लहानशा नावानं हाक मारायच्या. त्या गेल्यावर ते नाव फक्त माझ्या तोंडात राहिलं होतं. इथंही मी ते लिहीत नाही. मी देवळाच्या पायरीवरून उठले, पदर खोचला आणि घराकडं दोन पावलं टाकली. मागं न बघता, तो घरी असला की जशी हाक मारते तशी मारली. नाव घेतलं आणि म्हटलं, “जेवाया ये. भाकर थंड होते.”

मागं हसणं थांबलं, त्यावरून मला कळलं.

वळून पाहिलं तर मुखवट्याचं तोंड माझ्याकडं होतं. पुजाऱ्यानं नारळ खाली ठेवला. दोघांनी मुखवटा उतरवून नवऱ्याच्या हातात दिला. नवऱ्यानं तो घेतला आणि माझ्याकडं बघितलं नाही. दिराच्या कपाळावर वळ उठले होते. तो सरळ माझ्यामागं घरी आला.

हातपाय धुऊन पाटावर बसला. “काय केलंय, वहिनी?”

चूल गार होती. सकाळपासून मी ती पेटवलीच नव्हती. त्यानं चुलीकडं बघितलं, मग परातीकडं. परात भिंतीला उलटी टेकवलेली होती.

मी खाली बसून नागलीचं पीठ काढलं आणि काटक्या मोडायला लागले.

“राहू दे,” तो म्हणाला.

“बस. दोन भाकरी टाकायला किती वेळ लागतो.”

तो बसला. भाकरी झाल्या. मी ताटात भाकर, मिरचीचा ठेचा आणि सुका जवळा वाढला. त्यानं सगळं खाल्लं आणि ताट स्वतः धुतलं. मग दुकानात जाऊन खुंटीवरचा लाल पोशाख काढला. काखेची शिवण अजून व्हायची होती.

“थांब, दोन टाके घालते.”

“तिकडं घालतील कुणी,” म्हणाला, आणि कसाऱ्याच्या जिपेत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पहिली ओटी मी भरली.