केझायाचा कान

केझाया स्टोक्सला अक्षर एक येत नव्हतं, पण इंजिनं मात्र ती घडाघडा वाचायची. जन्म नावेतला, लग्न नावेवरच्याच मुलाशी, आणि पाच पोरं वाढवली ती खाटेएवढ्या केबिनमध्ये. पुलाआड कुणाची नाव येतेय हे चुलीवरचा रस्सा ढवळता ढवळता सांगायची. "हे म्हाताऱ्या सीलीचं इंजिन. खोकतंय बघ, मालकासारखंच." कधी चुकली नाही, म्हणून थोडी गुर्मीही होती.

त्या जानेवारीत सॉल्टरच्या तिठ्यावर धुकं बसलं ते उठेचना. इथे तीन कालवे मिळतात: एक कोळशाच्या खाणींकडून येतो, एक लंडनकडून, तिसरा बर्मिंगहॅमच्या कारखान्यांकडे जातो. धाकटी लेक थर्झा दिली होती लंडनच्या वाटेवरच्या नावेत. मायलेकींची गाठ पडायची ती या तिठ्यावरच, तीही पडली तर. आता थर्झाचं पहिलंवहिलं बाळंतपण. तिठ्यावर भेटायचं आणि तिने आईच्या नावेत चढायचं, असं नोव्हेंबरातल्या शेकोटीच्या दिवसांतच ठरलेलं. पण थर्झाचा पत्ता नव्हता, आणि केझायाच्या नवऱ्याला, एबलला, कोळसा भरायला खाणीकडे निघायचा हुकूम आला होता.

केझायाने मागच्या दोन नावांना खाणीकडे जायची आपली पाळी देऊन टाकली. पितळेची मूठ घासली, परत घासली. किटली कोरडी होईतो उकळली.

"म्हातारे, बस की जरा. नाव डुलतेय तुझ्या येरझाऱ्यांनी," एबल म्हणाला.

"डुलू दे. नावच आहे ती, चर्च नाही."

एवढ्यात एक इंजिन आलं. टकटकटकटक, एका लयीत, गुळगुळीत. थर्झाचा नवरा जेबेझ, त्याचं इंजिन तीन ठोके टाकून एक उचकी द्यायचं. हे ते नव्हतं.

"कुणी परका आहे. शिलाई मशीन घेऊन निघालाय." केझायाने दारसुद्धा उघडलं नाही.

बाहेर भोंगा वाजला. पुन्हा वाजला.

"वाजव बाबा, वाजव. हौस आहे तर."

नाव पुलाखाली वळली आणि बर्मिंगहॅमच्या कालव्याला लागली. मग लॉकवाल्याची बायको, गिल्क्सबाई, काठावरून ओरडली, "काय गं केझाया, लेकीशी भांडलीस का? बिचारी पोट सांभाळत उभी होती. तोंडसुद्धा दाखवलं नाहीस!"

"कुठली लेक?"

"आत्ता गेली ती! जावयाने नवं इंजिन बसवलंय ना. तुला ठाऊक नाही?"

कुठून असणार? नाववाल्यांच्या बातम्या तोंडातोंडी फिरतात, आणि धुक्याने लंडनकडची सगळी तोंडं अडवून धरलेली.

केझाया एप्रनवरच पळाली. हातात पळी होती, ती तशीच.

"अगं, हुकूम!" एबल ओरडला.

"तो तू घेऊन जा!"

काठावरच्या चिखलात ती एकदा आपटली. दिसत काहीच नव्हतं. ज्या टकटकीला नाक मुरडलं, तीच आता कान टवकारून ऐकायची पाळी आली. आवाज लांब गेला, लहान झाला, मग एकदम थांबला. ती थबकली. मग आठवलं, पुढे लॉक आहे, पाणी भरून नाव वर उचलणारा दोन दरवाजांचा हौद. पाणी चढेपर्यंत पठ्ठ्याला हलता यायचं नाही.

थर्झा केबिनच्या दारात उभी होती, डोळे सुजलेले.

"मला वाटलं, तू रागावलीस. दारही उघडलं नाहीस."

"राग कसला, बये! वाटलं, कुणी शिंपी चाललाय!"

"शिंपी?" जेबेझ फुरंगटला. "झ्याक इंजिन आहे ते, सासूबाई."

"असेल. माझी आणि त्याची ओळख कुणी करून दिली होती?"

जेबेझचा माल थांबणारा नव्हता, आणि थर्झाला त्या चिखलातून मागे चालवणं तर शक्यच नव्हतं. लॉकचा वरचा दरवाजा उघडायला लागला, तशी केझाया पळीसकट नावेत चढली.

एबल एकटाच खाणीवर गेला, वाटेतल्या प्रत्येक लॉकला शिव्या देत. निरोप त्याला तिथेच मिळाला, एका अनोळखी नाववाल्याकडून, पुलाखालून जाता जाता:

"एबल स्टोक्स तूच ना? मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आणि पळी शोधत बसू नकोस!"