दादांच्या तीन सीटा मागे

फाल्गुनातल्या त्या सकाळी एसटीच्या खिडकीतून काढणीला आलेल्या करडईचा कोरडा, उष्ण वास येत होता, रस्त्याकडेचे पळस पानं टाकून नुसते केशरी उभे होते, आणि मी, कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारी बावन्न वर्षांची बाई, तोंडाला स्कार्फ गुंडाळून सख्ख्या बापाचा पाठलाग करत होते.

दादा एक्क्याऐंशीचे. आई गेल्यापासून भोकरला माझ्याकडे राहतात आणि महिन्यातून एकदा नांदेडला जाऊन जुन्या सोबत्याबरोबर विहाराच्या ओट्यावर दिवसभर बसून येतात. मागच्या खेपेला येताना त्यांना डुलकी लागली, भोकर मागे पडलं आणि ते थेट हिमायतनगरला उतरले. दिवेलागणीनंतर घरी आले तेव्हा मी नको तितकं बोलले. आता एकट्यानं जायचं नाही, असं सांगून टाकलं. ‘न्हाई जात, माय,’ एवढंच म्हणाले. पुढे त्यांनी दाढी करणं सोडलं, पेपर उघडणं सोडलं. खुर्चीतला तो माणूस दिवसेंदिवस अडगळीच्या सामानासारखा दिसू लागला, आणि ते सामान मीच कोपऱ्यात सारलं होतं.

फळ्यावर मी शैशवापासून वार्धक्यापर्यंतचे टप्पे एका सरळ रेषेत मांडते. अखेरच्या टप्प्यातही माणसाला स्वायत्तता हवी असते, हे वाक्य वर्षानुवर्षं न अडखळता सांगत आले आहे. घरात मात्र ते मला सुचलंसुद्धा नाही. शेवटी ठरवलं, एकदा जाऊ द्यायचं, लपून पाहायचं, आणि पुन्हा चुकले तर हा प्रवास कायमचा बंद.

नांदेडला विहारासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी मी दिवसभर बसून राहिले. ओट्यावर दादा हसत होते, हातवारे करत होते, सोबत्याच्या पाठीवर थाप मारत होते. इतके मोकळे दादा मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते, आणि खरं सांगते, मला थोडा मत्सर वाटला.

परतीच्या गाडीत ते पुढे, मी तीन सीटा मागे. उतरत्या उन्हाची ऊब खिडकीतून मांडीवर येत होती. त्यांची मान जराशी कलली की मी सीटवरून अर्धी उठे. पुन्हा ताठ झाली की हायसं वाटे. असं किती वेळ चाललं, आठवत नाही.

‘उठा मॅडम, भोकर आलं.’ कंडक्टर माझ्या सीटची दांडी वाजवत होता. ‘म्होरले बाबा सांगून उतरले. ती माझी लेक हाय, सकाळपासून लई दमली, तिला उठवा. मी सांगितलं म्हणून सांगू नका, असंबी म्हणले.’

मी उतरले तेव्हा दादा स्टँडबाहेर पडत होते. पिशवी सावरत, आपल्या चालीनं, मागे न पाहता. धावत जाऊन त्यांचा हात धरावा असं फार वाटलं. पण मी टपरीवर चहा सांगितला. ते घरी पोचून, कुलूप उघडून, पाय धुऊन निवांत बसेपर्यंत मला जायचं नव्हतं. जीव मात्र घाबरा झाला होता. लेकराला पहिल्या दिवशी शाळेत सोडून रस्त्यात उभ्या राहिलेल्या आईचा होतो तसा, की बोट सुटलेल्या त्या लेकराचा होतो तसा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.