टक्क्यांसाठी सोडलेली जागा

दहावीची परीक्षा व्हायला दोन महिने होते, तेव्हाच माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स तयार झाला.

आमचं गाव कल्याण-शीळ रस्त्याला लागून. शेती गेली, तिथे इमारती आल्या, आणि गावाला फ्लेक्सची हौस जडली. वाढदिवस असो, हळद असो, कुणी नवी गाडी घेतलेली असो, नाक्यावर फोटो झळकतोच. माझ्या काकाला तर त्याचं वेडच आहे. त्याने माझा पासपोर्ट फोटो नेला आणि दोन दिवसांनी मोबाईलवर डिझाईन दाखवलं. वर मी, खाली हात जोडून हसणारा काका, मध्ये ‘घवघवीत यश’ आणि शेजारी टक्क्यांसाठी सोडलेली जागा.

“आकडा निकालाच्या दिवशी टाकू,” काका म्हणाला. “पन नव्वदच्या खाली नको हां. शोभनार नाय.”

सगळे हसले. मीही हसले. रात्री मात्र प्रत्येक विषयात किती पडले तर नव्वद होतील, याची बेरीज मांडत बसले.

आमच्या घरात अकरावीचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, आणि मी डोंबिवलीच्या शाळेत वर्गात पहिल्या पाचांत. काकाला कौतुक होतं, एवढंच. मला संताप यायचा तो याचाच. कुणी टोचून बोललं असतं तर भांडले तरी असते, पण कौतुक होतंय म्हणून कुणाकडे रडणार?

मग प्रिलिमला भूमितीचा पेपर आला. वीस वेळा लिहून काढलेलं प्रमेय समोर होतं आणि डोकं कोरं. बोटांना मुंग्या आल्या, कानात नुसता गुंईं आवाज. अर्धा पेपर सोडून उठले. चाळीसपैकी अकरा मिळाले. घरी सांगितलं, शाळेने अजून पेपर दिलेच नाहीत. इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले, आणि ते पकडलं जाईल या भीतीने रोज शाळेतून घरी येताना लांबची वाट धरायचे.

जेवण जाईना. आईने साधी हाक मारली तरी मी खेकसायचे. एकदा ताट असं ढकललं की भात फरशीवर सांडला. आईने ठरवलं, नजर लागली. काकाने तो फ्लेक्स स्टेटसला ठेवला होता ना! तिने मीठ-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. कुणाला साधा ठसकासुद्धा लागला नाही, म्हणजे नजर जबरदस्तच होती, असा निष्कर्ष निघाला. अगं आई, अकरा मार्क आहेत, एवढंच मला म्हणायचं होतं. नाही म्हटलं.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. दुपारी वही उघडली आणि छाती धडधडायला लागली. श्वास पुरेना, हात गार पडले. आपण मरतोय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पप्पांनी मला तसंच गाडीत घातलं आणि डोंबिवलीला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी छातीचा ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मग त्यांनी पप्पांना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, “कशाची भीती वाटते?” मी भडाभडा सगळं ओकले.

“तुझं हृदय ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या. “शरीर उगाच संकट समजून पळायच्या तयारीला लागतं. काही मिनिटं फार वाईट जातात, मग ते आपोआप उतरतं. पेपरात झालं तर पेन खाली ठेव, पाय जमिनीवर दाब, श्वास सावकाश सोड. त्याच्याशी मारामारी करू नकोस. पुन्हा पुन्हा झालं तर माझ्याकडे ये. आणि मार्कांचं पप्पांना तू सांगतेस की मी सांगू?”

मी सांगितलं. पप्पांनी नुसती गाडीची चावी काढली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

परत येताना त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, काकाला फोन लावला. “तो फलक छापू नको. मोबाईलमधनं पन काढून टाक.” फोन ठेवला आणि समोर बघतच म्हणाले, “मी दहावी नापास, असा सगले सांगतात ना? मी नापास नाय झालो. मी पेपराला गेलोच नाय. गेटावर गेलो, छाती अशीच धडधडली, मागं फिरलो. घरी बोललो नापास झालो. तुझ्या आईलापन ठावं नाय.”

खरं सांगते, मला धीर आला नाही. उलट जास्तच घाबरले. हे अंगातच असतं की काय? टक्के, प्रमेय, सगळं बाजूला पडलं. आता आठ दिवस एकच प्रश्न होता, मीही गेटावरून मागे फिरणार का?

पहिल्या पेपराला पप्पा सोडायला आले. गेटाशी पाय थबकलेच. ते म्हणाले, “वाटला तर परत ये. मी हितंच हाय.” परत यायची मुभा मिळाली, म्हणूनच बहुतेक मी आत जाऊ शकले.

पेपर हातात पडताच अक्षरं हलायला लागली. पेन खाली ठेवलं. पाय दाबले. श्वास सोडला, पुन्हा सोडला. शेजारची मुलगी पान उलटून पुढे गेली आणि मी अजून बसलेच होते. रडू येत होतं, रागही येत होता. मग हळूहळू ते ओसरलं. पहिलं उत्तर लिहायला घेतलं तेव्हा घड्याळात वीस मिनिटं गेली होती. पेपर पूर्ण झाला नाही, पण मी शेवटच्या बेलपर्यंत बाकावर होते.

बाहेर पप्पा त्याच जागी उन्हात उभे होते. आजूबाजूला सगळे आईबाप विचारत होते, सोपा होता का, सुटलं किती. पप्पांनी प्रश्नपत्रिका हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि हळूच विचारलं, “आत गेल्यावर काय होतं गो?”

प्रश्न समजायला मला एक क्षण लागला. मग गाडीत बसून मी त्यांना सगळं सांगितलं. नंबर कुठे लिहिलेला असतो, बाई सही कशी घेतात, बेल किती वेळा होते. ते मधेमधे विचारत राहिले, आणि गाडी सुरू करायचं आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.