काचेच्या कपाटातली घोंगडी

या पोस्टमध्ये गावाचं नाव शोधू नका, मुद्दाम लिहिलेलं नाही. वडगाव रासाईच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी, भीमेकाठची एक धनगरवस्ती. कॉलेजात असताना तिथे सर्वेक्षणाचे फॉर्म भरायला गेले होते. तिथलं बिरोबाचं रान, हिवर-बाभळींनी दाटलेलं, पुन्हा बघावं म्हणून गेल्या शनिवारी निघाले आणि तणतणत परत आले.

शिवाजीनगरहून शिरूरची एसटी सकाळी लवकरच धरा, नंतर उभं राहायलाही जागा मिळत नाही. कारेगावात कंपन्यांची शिफ्ट सुटली होती, टपरीवर चहाची ऑर्डर हिंदीत. न्हावरा फाट्यावरून जीप. दहा रुपयांत माणसं आणि कोंबड्या एकत्रच कोंबतात. पुढे दोन्ही बाजूंना ऊस आणि हाडं खिळखिळी करणारा रस्ता.

पूर्वी लांबूनच दिसणारं रान यावेळी विचारत शोधावं लागलं. तारेचं कुंपण, गंजका फलक, आत नुसते खुंट. देवळाभोवती दहा-बारा झाडं तेवढी उरलीत.

वस्तीतल्या भिवाआबांनी मला ओळखलं. त्यांच्या सुनेने, सुमनने, बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. झाडं गेली कुठे, असं विचारल्यावर आबांनी घोंगडीची हकीकत सांगितली.

वस्तीत एक घोंगडी दर पंधरा दिवसांनी घर बदलायची. ती ज्या घरात, रान राखायचं त्या घराने. फांदी तुटली तर घोंगडी आणखी पंधरा दिवस तिथेच. त्याआधी राखण कायमची एकाच घराकडे असे. त्यांनी आपल्याच शेळ्या आत सोडल्या, म्हणून ती फिरती केली. पलीकडच्या वस्तीने बघून तेच उचललं. चुकत, सुधारत, एकमेकांचं पाहत पिढ्यान्‌पिढ्या घडलेली व्यवस्था होती ही, कुणा साहेबाने टेबलावर बसून काढलेला जीआर नव्हे!

मग सरकारची एक योजना आली. तिच्या समितीने कुंपण घातलं, पगारी राखणदार नेमला आणि घोंगडीला 'आमचा वारसा' अशी पाटी लावून काचेच्या कपाटात कोंडलं. सुमनने मला नेऊन ती काचेतून दाखवली. कोपऱ्यात लाल लोकरीचं ठिगळ, वर धूळ. निधी संपला, राखणदार गेला, कपाटाचं कुलूप मात्र तसंच.

"तवापासून कुऱ्हाड वाजली तरी कुनी उठंना," आबा म्हणाले. "राखन सरकारची हाय म्हनत्यात."

माझं डोकंच फिरलं. समितीच्या नावाने मी तोंडाला येईल ते बोलले. आबांनी ऐकून घेतलं.

"त्यांनी आमाला कागद दाखवला हुता, बाई. तुमीच भरल्याला. हितं राखनीची व्यवस्था न्हाई, आसं लिवलं हुतं त्यात."

उरलेली झाडं सभामंडपासाठी तोडायचा ठराव पुढच्या ग्रामसभेत येतोय, असं सुमनने सांगितलं.

"मी उठून घोंगडी मागनार हाय," ती म्हणाली. "पयला पंधरवडा आमच्या घरात."

परतताना भीमेचा पूल ओलांडून केडगाव स्टेशन गाठलं. दुपारच्या गाडीला बसायला मिळतं.

घरी येऊन जुनी फाइल काढली, तिच्यात त्या फॉर्मची प्रत होती. 'राखणीची व्यवस्था आहे का?' समोर माझ्याच अक्षरात 'नाही'. कुणालाही न विचारता! किती घाईत होते मी, आणि केवढी शहाणी. चूक कबूल करणारं पत्र लिहून ग्रामसभेत वाचायला सुमनला पाठवलं. सोबत फॉर्मला टाचलेला तेव्हाचा फोटोही. त्यात मी आबांच्या अंगणात मान खाली घालून फॉर्म भरतेय. पाहुणी म्हणून मला बसायला घोंगडी अंथरली आहे, आणि तिच्या कोपऱ्यात लाल लोकरीचं ठिगळ आहे.