तारेपलीकडची शेवंती

प्रेमिलाबाई धकाते यांच्या हातचा शेंडा मुळं धरतोच, असं उमरेड रस्त्यावरचे लोक म्हणत. घराणं विणकरांचं, माग बंद पडल्यावर त्यांनी घरामागे शेवंतीची रोपं करायला घेतली. चांगल्या झाडांचे शेंडे ब्लेडने कापायचे, ओल्या रेतीत खोचायचे, मुळं फुटली की विकायचे. धाकटा दीर गेला तेव्हा जाऊ मैनाबाईलाही त्यांनीच हे काम शिकवलं, स्वतःची झाडं दिली. दोघींच्या वाफ्यांमध्ये फक्त तारेचं कुंपण.

एका हंगामात प्रेमिलाबाईंच्या झाडांच्या पानांवर पिवळे चट्टे आले. फुलं बारकी, आकसलेली. खत बदललं, फवारे मारले, काही उपयोग झाला नाही. मग कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या भाचीने, गार्गीने, पानं नेऊन तपासून आणली.

"मामी, हा व्हायरस आहे. याले औषध नाही. आजारी झाडाचा रस ब्लेडले लागते, तेच ब्लेड दुसऱ्या झाडाले. अन् रोगट झाडाचा शेंडा लावला तर रोपही रोगटच. सारं उपटून जाळा लागते."

प्रेमिलाबाईंनी उपटलं. ओला पाला जळता जळेना. धुराने डोळे चुरचुरत असतानाच त्या कुंपणाशी गेल्या. मैनाबाईच्या वाफ्यातही तेच चट्टे होते.

"मैना, तूही काढून टाक वं."

"काहून? फुलं तर येऊन राहिली ना! बारकी असली तरी हारात खपतात. अन् ताई, हे झाडं तुम्हीच देल्ले होते."

प्रेमिलाबाई धुमसत्या ढिगाकडे परतल्या. खोटं काय होतं त्यात?

त्यांनी लांबून निरोगी रोपं आणली. झाडागणिक ब्लेड औषधाच्या पाण्यात बुडवू लागल्या. तरी पावसाळा सरता सरता पुन्हा चट्टे दिसले. "मावा," गार्गी म्हणाली. "हा किडा तिकडच्या झाडाचा रस पिते अन् इकडे येऊन बसते."

मग उरलेल्या थोड्या धड झाडांवर त्यांनी बारीक जाळी ताणली. आत वारा शिरेना. दार लावून घेऊन त्या घामेजून काम करत, आणि जाळीतून त्यांना पलीकडे मैनाबाई शेंडे कापताना दिसे. आपण शिकवलेल्याच पद्धतीने, बोटांत ब्लेड तसंच धरून.

"माझी अर्धी चांगली रोपं घे, पण ते उपट," त्यांनी विनवलं.

"दिवाळी होऊ द्या, ताई."

दिवाळी झाली. नरखेडकडचा एक माणूस मोटरसायकलवर आला आणि मैनाबाईकडून रोपांचे ट्रे बांधून घेऊ लागला. प्रेमिलाबाई जाळीतून धावत बाहेर आल्या.

"दादा, नका नेऊ! रोग आहे त्याले. तुमच्या साऱ्या गावात पसरन."

माणसाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा खाली मान घालून उभ्या मैनाबाईकडे.

"जावा-जावांचं भांडण मले काहून सांगता, बाई?" म्हणत त्याने दोरी आवळली आणि किक मारली.

मैनाबाई आत गेली. प्रेमिलाबाई तार धरून तशाच उभ्या राहिल्या. नरखेडकडे कोणत्या गावी रोपं चालली, हेही त्यांनी विचारलं नव्हतं.